दोन बोटं खाली

जितेंद्रने माझ्या जहाजाच्या पोटावर लाल गोल काढला आणि म्हणाला, "सुमय्या, ही तिसरी ओळ मागे बसलीय बघ." जेवणानंतरची सुस्तावलेली वेळ होती. बाणेरच्या त्या सातव्या मजल्यावर एसीची घुरघुर आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा वास, एवढंच काय ते जागं होतं. जितेंद्र आमचा कलादिग्दर्शक. माणूस सभ्य, चूक दाखवण्याआधी चहा विचारणारा. मी पडद्याकडे बघितलं. अकरा किलोमीटर लांबीचं जहाज. चाळीस हजार माणसं पोटात घेऊन ते दुसऱ्या ग्रहावर कायमचं राहायला निघणार, आणि त्याच्या डाव्या अंगाची पत्र्यांची तिसरी ओळ शेपटाकडे किंचित खाली झुकलेली. वरच्या ओळी तिच्यावर बेतलेल्या, म्हणून त्याही तिच्यामागून खाली आलेल्या. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मला मात्र दिसायला हवं होतं, कारण आमच्या धंद्यात थोडंफार नाव असेल तर ते माझ्या डोळ्याचं आहे. "करते सरळ," मी म्हणाले. मग त्याने गंमत म्हणून माझी मागच्या दोन वर्षांची जहाजं पडद्यावर एका रांगेत लावली. पाचही जहाजांची नाकं डावीकडे, खालच्या कोपऱ्याकडे. आणि जवळचे कठडे, पिंपं, शिड्या पाहिल्या तर पाचही चित्रांत बघणाऱ्याची नजर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. "तू काय पायरीवर बसून जहाजं बघतेस का गं?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर पेन हातात घेतलं ते संध्याकाळी सहापर्यंत नुसतं धरून बसले होते.

मी काय काम करते हे सांगायला गेलं की लोक आधी कौतुकाने ऐकतात आणि मग, "म्हणजे ही जहाजं खरी नसतात," असं म्हणून निवांत होतात. परदेशातली एक कंपनी खेळ बनवते. त्या खेळात पृथ्वी संपत आलेली आहे आणि माणसांनी मिळून एक भलंमोठं जहाज बांधायला घेतलं आहे. ते बांधलं जात असताना कसं दिसेल, हे आम्ही पुण्यात बसून काढतो. पूर्ण झालेलं जहाज काढायला अनेकजण टपलेले असतात. माझ्याकडे येतं ते अर्धवट. बरगड्या उघड्या, पोटात परांच्या बांधलेल्या, पत्रे कुठे लागलेले, कुठे नुसते टेकवून ठेवलेले. अर्धवट जहाज काढण्यात माझा हात कुणी धरत नाही, असं जितेंद्र परक्यांना सांगतो. अम्माला मी एकदा फोनवर हे सगळं समजावलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळा खरा गो, पण तेका पाण्यात खंयसून उतरवतले?" मी म्हटलं, पाणी नाही अम्मा, ते आकाशात जातं. ती म्हणाली, "मगे तेका नाळ कित्या काढतंस?" नाळ म्हणजे होडीचं पुढचं, वर उचललेलं टोक, जे पाणी कापतं. आकाशात कापायला काहीच नसतं. तरी मी प्रत्येक जहाजाला नाळ काढते आणि परदेशी लोकांना ती आवडते.

पायरीवर बसून. जितेंद्रला काय ठाऊक, की विजयदुर्गात आमच्या घराला खाडीच्या बाजूने पाच पायऱ्या आहेत आणि त्यातली वरून तिसरी माझी होती. पायऱ्या संपल्या की उतार, उताराच्या तळाशी अब्बांची होड्या बांधायची वाडी, आणि वाडीच्या डाव्या कोपऱ्याला वाघोटणच्या खाडीचं पाणी. होडीचा कणा पहिल्या दिवशी मांडला जातो तो नाळ पाण्याकडे करूनच. आमच्याकडे तो नियम आहे. पाण्याकडे पाठ करून होडी बांधायला घ्यायची नाही, नाहीतर ती जायला नाखूष राहते म्हणे. तर तिसऱ्या पायरीवरून मी जन्मात ज्या ज्या होड्या पाहिल्या त्या सगळ्यांची नाकं डावीकडे, खाली. माझे अब्बा नुरुद्दीन होडीवाले. (आम्ही घरात त्यांना तू म्हणतो, लिहिताना मात्र ते होतात, त्याला इलाज नाही.) त्यांनी आयुष्यात कागदावर एक रेघ ओढली नाही. आमच्या किनाऱ्यावर कुणी ओढत नाही. गाठी मारलेली एक सुतळी, लाकूड तासायचा वाकस, आणि डोक्यात असेल ते. ऐनाची फळी विस्तवावर धरायची, ओल्या फडक्याने मारत मारत वाकवायची आणि गरम आहे तोवर बरगड्यांवर बसवायची. पण फळी बसवणारा फळीला नाक लावून उभा असतो. त्याला तिचा बाक दिसत नाही. ती पुढून मागे एका दमात गेली आहे की कुठे मध्येच पोट सोडून बसली आहे, हे दुरून बघणाऱ्याला कळतं. दुसरे होडीवाले त्यासाठी हातातलं काम टाकून उतार चढून वर जात, बघत, परत खाली येत. तोवर फळी थंड होई. अब्बांच्या वाडीत तशी वेळ येत नसे, कारण वर पायरीवर मी असे.

हे कसं सुरू झालं ते मला आठवत नाही. अम्मा सांगते, मी पाच वर्षांची असताना पेज ओरपता ओरपता वरूनच म्हणाले, "अब्बा, ती वाकडी आसा." अब्बांनी हसण्यावारी नेलं, मग सहज वर येऊन बघितलं, तर फळी खरंच एका बोटाने चुकलेली. तेव्हापासून फळी चढवायची वेळ झाली की खालून हाक येई, "सुमय्या, बस गो जाग्यार." मग मी तिसऱ्या पायरीवर बसायची आणि शब्द चारच होते. पुढे, शेपटाकडे, उचल, खाली. आणि बरोबर झाली की पाचवा, बस. बस म्हटलं की अब्बा खिळा ठोकत. पुन्हा विचारत नसत. जेटीवरचे लोक चेष्टा करायचे, नुरुद्दीनचे हात खाली आणि डोळे वर पायरीवर. अब्बा म्हणायचे, मगे काय, घरातलेच आसत. मला आठवतं ते एवढंच, की रेघ बरोबर बसली की माझ्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. आजही चित्र जमलं की तसंच होतं. ते सोडून मला चित्रकलेतलं फारसं काही कळतं असं नाही, पदवी असली तरी.

होडी तयार झाली की पाण्यात जाई. मालक नारळ फोडी, अब्बा हात पसरून दुवा मागत, मग वाडीतली आणि शेजारची मिळून पंधरा-वीस माणसं ओंडक्यांवरून तिला रेटत. ती पाण्याला लागून तरंगली, की सगळे ओरडत आणि अब्बा वळून चालू लागत. तरंगणारी होडी त्यांनी कधी पाहिली नाही. वर यायचे, पायरीच्या खांबाला टेकून पाण्याकडे पाठ करून बसायचे, आणि बसल्या जागी झोपायचे. भर दुपारी, माशा बसत असताना, तोंड उघडं टाकून. अम्मा त्या दिवशी भांडी वाजवत नसे. मी एकदा विचारलं होतं, तू बघत कसो नाय? ते म्हणाले, "आता ती लोकांची. माझा काय आसा तिच्यात?" खेळाच्या कंपनीने पाठवलेल्या माहितीपत्रात मी एकदा शोधलं होतं, की हे जहाज ज्यांनी बांधलं ती माणसं त्यातून जाणार की नाही. त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. चाळीस हजार जणांची नावं, धंदे, कुळं सगळं ठरलेलं होतं. जहाज उडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बांधणाऱ्यांनी काय करायचं, हे कुणाला सुचलं नव्हतं.

मी मूळ गोष्टीला बगल देते आहे हे मला कळतं. त्या संध्याकाळी सहा वाजता पेन खाली ठेवलं तेव्हाही कळत होतं. ती तिसरी ओळ मी चुकून काढली नव्हती. ती ओळ मी याआधी एकदा पाहिली होती. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात. अब्बांनी मंगेशची होडी बांधायला घेतली होती. मंगेश गिर्ये गावचा, मासेमारीतला, अब्बांच्याच होडीवर वाढलेला. सगळे फायबरकडे वळले तरी तो म्हणाला होता, माका लाकडाचीच व्हयी आणि नुरुभायच्याच हातची. अब्बा त्र्याहत्तरचे. त्याच्या दोन वर्षं आधीच काचबिंदू निघाला होता, कडेकडेने नजर विझत चालली होती. तरी होडी घेतली, आणि ही शेवटची हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी सकाळी साडेअकराला अम्माचा व्हिडिओ कॉल आला. मी मीटिंगमध्ये होते. परदेशातले लोक बोलत होते, माझं चित्र पडद्यावर होतं आणि पुढच्या पाच मिनिटांत मला बोलायचं होतं. मी आवाज बंद करून खाली टेबलाच्या आड फोन घेतला. अम्मा तिसऱ्या पायरीवर उभी राहून फोन धरून होती. खालून अब्बांचा आवाज आला, "फळी गरम आसा गो. वायच बघ."

मी बघितलं. डाव्या अंगाची तिसरी फळी. शेपटाकडे दोन बोटं खाली. पुढे लोक म्हणतील, फोनचा कॅमेरा रेघा वाकवतो. वाकवतो, पण कसा वाकवतो हे मला पोटापाण्यासाठी माहीत आहे, आणि ते हे नव्हतं. फळी कच्च्या खिळ्यांवर बसवून झाली होती. माझ्या तोंडात शब्द तयार होता, शेपटाकडे उचल. तो म्हटला असता तर बारा खिळे उपटायला लागले असते, फळी पुन्हा विस्तवावर, नाहीतर नवीनच. पाऊस तोंडावर होता. पडद्याच्या कडेला अब्बा दोन्ही हातांनी फळी दाबून वाकलेले दिसत होते. मला त्यांची दया आली. आणि दुसऱ्या कानात जितेंद्र म्हणत होता, सुमय्या, आता तू. दया किती होती आणि घाई किती, हे मी दीड वर्ष तोलून बघते आहे. काटा कुठेच थांबत नाही. मी म्हणाले, "बस." खालून अब्बांनी विचारलं, "बस?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "बस अब्बा. एकदम बरोबर." मग ते म्हणाले, "बरा. मगे ठोकतंय." फोन बंद करताना पहिल्या पक्क्या खिळ्याचा आवाज आला. मी आवाज सुरू करून इंग्रजीत बोलू लागले आणि ते चित्र मंजूर झालं.

वेळ मारून नेली असं आपण किती सहज म्हणतो. ती होडी नारळ फुटून पाण्यात गेली आणि डाव्या कुशीवर कलली. बुडली नाही, कुणाला काही झालं नाही. नुसती कलली, आणि इंजिन बसवलं तेव्हा मागून पाणी घेऊ लागली. मंगेशने महिनाभर तिच्याशी जुळवून बघितलं. मग एका सकाळी माणसं घेऊन त्याने ती परत वाडीत ओढून आणली, अब्बांच्या पाया पडला आणि म्हणाला, "नुरुभाय, रागा जाव नको. माका पोरां आसत." त्याने फायबरची घेतली. तो चुकला असं कुणी म्हणणार नाही. जेटीवर लोक म्हणाले, नुरुद्दीनचो हात गेलो. तोंडावर नाही म्हणाले, पण विजयदुर्ग केवढं, आणि अब्बांना दिसायचं कमी झालं होतं, ऐकू यायचं नव्हे. त्यांनी वाकस, पटाशी, सुतळी सगळं उंडीचं तेल लावून पोत्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. वाडीत उतरायचं बंद केलं. हे मला अम्माने सांगितलं. मी फोन धरून ऐकलं आणि म्हणाले, जाऊ दे अम्मा, वय झालं त्याचं. हे मीच म्हणाले.

त्यानंतर दीड वर्षात मी दोनदा घरी गेले, दोन्ही वेळा ईदला, दोन्ही वेळा दीड दिवस. होडी वाडीत एका कुशीवर पडली होती. तिच्याकडे मी कानाडोळा केला. अब्बांनी होडीचा विषय काढला नाही. फक्त एक नवीनच खोड लागली होती त्यांना. दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करायचे आणि पहिलं वाक्य तेच, "डोळे बरे आसत मा गो तुझे?" मी म्हणायची, बरे आसत. मग म्हणायचे, खंय दाखवलंस? रात्रीचा काम करू नको. अम्मा मध्येच शेवग्याचा पाला, माशाची डोकी, काय काय खायला सांगायची. एकदा तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर सुरमईच्या डोक्यांचा डबा पाठवला होता, बर्फात, विजयदुर्गहून पुण्याला. मी वैतागून म्हटलं, अब्बा, डोळे तुझे गेलत, माझे नाय. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. म्हातारपण, मी मनात म्हणायची. आणि बरंही वाटायचं, की बोलणं डोळ्यांवर निभावतंय.

लाल गोलाच्या दुसऱ्या दिवशी मी ती ओळ सरळ करायला बसले. वर उचलली, तर चित्र मेलं. पुन्हा होती तिथे नेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या पाच जहाजांपैकी शेवटच्या तिन्हींमध्ये ती ओळ तशीच आहे. जितेंद्रला एकच दिसली होती. दीड वर्ष मी माणसांना दुसऱ्या ग्रहावर न्यायला जी जी जहाजं काढली ती सगळी कलणारी होती. मला हसू आलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन मी रडले. जितेंद्रला म्हणाले, चार दिवस घरी जाते. तो म्हणाला, सोमवारी चित्र जायचंय. मी म्हणाले, ते जाईल, मी आज जाते. अब्बा मरण्याआधी त्यांना त्यांचा हात परत द्यायचा होता. तो त्यांचा गेलाच नव्हता. मी पळवला होता.

पनवेलहून गाडी पकडून पहाटे नांदगावला उतरले. अम्माने फोनवर बजावलं होतं, वाटेत जामसंड्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून अब्बांचे थेंब घेऊन ये. दवाखाना उघडेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसले. वाटभर मी वाक्य जुळवत आले होते. अब्बा, माझा ऐक. अब्बा, ती फळी. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर अडत होतं. कपाटातून बाटली काढता काढता तिथल्या बाईंनी वर बघितलं. शर्मिला असं नाव खिशावर लावलेलं होतं. "तुम्ही पुण्याच्या का? नुरुद्दीनचाचांच्या? येतात तेव्हा दर खेपेला विचारतात हो, मुलीला कधी आणू. हा आजार रक्तातून येतो ना, डॉक्टर त्यांना बोलले होते. आलाच आहात तर बसा, तपासून घ्या." मी म्हटलं, मला काही त्रास नाही. "त्यांना पण नव्हता," त्या म्हणाल्या आणि पिशवी हातात दिली. मी रिक्षात बसले. पडेलच्या पुढे सड्यावर, त्या उघड्या कातळावर, ऊन चढू लागलं होतं आणि मी पुन्हा पहिल्या वाक्याशी आले होते.

अब्बा पायरीच्या खांबाला टेकून बसले होते, पाण्याकडे पाठ करून. माझी चाहूल लागली तसं त्यांनी तोंड वळवलं, पण जरा बाजूला, मी होते तिथे नाही. "इलंस?" म्हणाले. "गाडीक गर्दी होती?" अम्मा आतून आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, थेंबांची पिशवी घेतली आणि न्याहारीचं बघायला गेली. मी घावणे खाल्ले, चहा घेतला, आंघोळ केली. मुद्दाम वेळ काढत होते. मग बाहेर येऊन तिसऱ्या पायरीवर बसले. अब्बा दोन पायऱ्या वर, माझ्या पाठीशी. खाली होडी. रंग उडालेला, पोटाखाली गवत, नाळ मात्र पाण्याकडे. बरं झालं ते पाठीमागे होते. तोंडासमोर असते तर मला जमलं नसतं.

"अब्बा," मी म्हटलं. "मंगेशच्या होडयेची फळी."

"कसली फळी?"

"डावी. तिसरी. मी फोनवर बस म्हटलंय ती."

खाडीत कुणाचं तरी इंजिन बंद पडत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं.

"ती चुकलेली. माका तेवाच दिसलेला. दिसत असतानाच मी बस म्हटलंय. माका घाई होती. आणि तुका परत खिळे काढूक लागले असते, म्हणान. तुझो हात नाय गेलो अब्बा. मी खोटा सांगितलंय."

एवढं बोलून झालं आणि मी होडीकडे बघत बसले. वाटलं, आता ते उठून आत जातील. किंवा म्हणतील, चाळीस वर्षांचं नाव माझं, एका शब्दासाठी. म्हणायला हवं होतं. मी तयार होते, शिव्या खाऊनच जाणार होते.

"तुका दिसलेला?" ते म्हणाले.

"होय."

"तेवाच? फोनवर?"

"होय."

"किती?"

मी म्हटलं, "दोन बोटां."

ते वळले आणि माझ्या खांद्यावर त्यांचा हात आला. तो चाचपत खाली माझ्या तळहातापर्यंत गेला आणि तळहातावर त्यांनी आपली दोन बोटं आडवी ठेवली. जाड, चिरलेली, एका नखाला जन्माची काळी खूण. "दोन," ते म्हणाले. "मंगेश होडी घेवन इलो तेच्या दुसऱ्या दिवशी मी खाली गेलंय. दोनय अंगार हात फिरवन बघलंय. बरोबर दोन. भायर कोणाक बोललंय नाय." मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं काही होतंय त्यांना, म्हणून मी वळले. त्यांचं तोंड उजळलं होतं. दुसरा शब्द मला येत नाही. "म्हणजे तुझे डोळे बरे आसत," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही. ते घराकडे तोंड करून हाक मारत होते, "हवाबी, आयकलंस गो? चेडवाचे डोळे बरे आसत. तिका दिसलेला. दोन बोटां, फोनवर दिसली तिका." अम्मा ओल्या हातांनी दारात आली. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर तोंडाला लावला आणि दाराच्या चौकटीला धरून तिथेच खाली बसली. "दीड वरस झोपाक नाय ह्यो," ती म्हणाली. "म्हणा होतो, चुकलेली फळी सुमय्याक दिसली नाय म्हणजे माझा दुखणा तिका गेला. तिचा पोट डोळ्यांर, आता ती काय करतली. तुका सांगू नको म्हणालो, भिया बसात." 

तर असे ते शुक्रवारचे फोन होते. लोक म्हणत होते नुरुद्दीनचा हात गेला आणि नुरुद्दीन त्याला हरकत घेत नव्हते, कारण तेवढ्यावर भागलं तर त्यांना चालणार होतं. मी खोटं बोलेन हे त्यांना सुचलंच नव्हतं. तिसऱ्या पायरीवरून कधी खोटं आलंच नव्हतं, ते कसं सुचावं? त्यापेक्षा मी आंधळी होत चालले आहे हे त्यांना खरं वाटलं होतं, आणि ते त्यांनी दीड वर्ष मला कळू न देता सोसलं होतं. मी सुरमईची डोकी शेजाऱ्यांना देऊन टाकली होती.

"अब्बा," मी म्हटलं, "मी काय सांगितलंय ता आयकलंस मा? तुझो हात गेलो नाय. मी खोटा बोललंय. सगळ्यांका सांगतंय मी, मंगेशाक सांगतंय."

"आयकलंय गो," ते म्हणाले. "हात कायम कोणाचो ऱ्हवता? कोणाक सांगू नको. तुझ्या डोळ्यांक नाव ठेवतीत." आणि मग हसून, लहानपणी म्हणायचे तसं, "दोन बोटां. पुण्यासून."

अम्मा त्यांना थेंब घालायला आली. त्यांनी मान मागे खांबाला टेकवली, थेंब गालांवरून ओघळले, ते पुसायचे राहिले. ती बाटलीचं झाकण लावेपर्यंत त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. भर अकराची वेळ, ऊन पायरीवर आलेलं, खाडीत इंजिन अखेर लागून दूर जात होतं आणि ते पाण्याकडे पाठ करून झोपले होते. होडी पाण्यात गेल्यावर झोपायचे तसे. अम्मा चप्पल हातात घेऊन आत गेली आणि त्या दिवशी तिने भांडी वाजवली नाहीत.

मी जागेवरून हलले नाही. सोमवारचं चित्र आठवलं, ते कलणारं जहाज आणि चाळीस हजार माणसं. ते मी सरळ करीन, अर्ध्या तासाचं काम. खालची होडी मात्र तशीच होती. तिसरी फळी, शेपटाकडे, दोन बोटं खाली. माझ्या डोळ्यांना ती स्वच्छ दिसत होती. मी मागे वळून न बघता, अगदी हळू, नुसत्या ओठांनी म्हटलं, "शेपटाकडे उचल, अब्बा." मागून त्यांचं घोरणं येत होतं.